चिमूरचे कैदी आणि दयेचा अर्ज


वर्गात शिक्षा झाली की तुम्ही दोन प्रकारे बोलता. कुणी म्हणतो, "मी ते केलंच नाही!" आणि कुणी म्हणतो, "एवढ्या वेळी माफ करा ना!" दोन्ही बोलणी सारखी वाटतात, पण नाहीत बरं का! पहिलं झालं अपील. ते न्यायालयात चालतं. दुसरा झाला दयेचा अर्ज. न्यायालयाचे सगळे दरवाजे बंद झाल्यावरही तो करता येतो.

आमची माजरी चंद्रपूर जिल्ह्यात, कोळशाच्या खाणींचं गाव. इथून वरोऱ्याला जायचं आणि पुढे चिमूर गाठायचं. त्या चिमूरची ही गोष्ट.

१६ ऑगस्ट १९४२. नागपंचमीचा दिवस. 'चले जाव' म्हणत चिमूरकर रस्त्यावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात बालाजी रायपूरकर हा सोळा वर्षांचा मुलगा गेला. जमाव खवळला, आणि त्याच्या हातून सरकारी अधिकारी मारले गेले. त्याच दिवशी वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीलाही असंच घडलं. मग खटले चालले आणि अनेकांना फाशीची शिक्षा झाली. अपील थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं. तिथेही निराशाच!

आता उरली फक्त दया. नागपूरच्या अनसूयाबाई काळे या कैद्यांसाठी झटू लागल्या. गांधीजींनीही त्यांना फाशी देऊ नये म्हणून आवाज उठवला. हालचाल सुरू राहिली, तसे दिवस गेले, महिने गेले. अखेर ऑगस्ट १९४५ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांनी उरलेल्या फाशीच्या शिक्षांची जन्मठेप केली. पुढच्या दोनच वर्षांत देश स्वतंत्र झाला!

आता याच जिल्ह्यातली आणखी जुनी गोष्ट ऐका. मोलमपल्लीचे बाबुराव शेडमाके इंग्रजांविरुद्ध लढले. १८५८ च्या सप्टेंबरमध्ये ते पकडले गेले आणि २१ ऑक्टोबरला चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. जेमतेम महिनाभरात सगळं संपलं. पुन्हा विचार करायला वेळच मिळाला नाही. फरक कळला ना? तुरुंगातला माणूस चूक उमगल्यावर सोडता येतो. फाशी दिलेला माणूस परत आणता येत नाही.

पण थांबा. चिमूरला जे अधिकारी मेले, त्यांनाही घरदार होतं. त्यांच्या मुलांना काय वाटलं असेल? दया करणं म्हणजे "गुन्हा झालाच नाही" असं म्हणणं नव्हे. "गुन्हा झाला, शिक्षाही हवी, पण जीव घेऊ नये" असं म्हणणं. हे कठीण आहे हं!

आज आपल्या राज्यघटनेच्या कलम ७२ नुसार राष्ट्रपतींना आणि कलम १६१ नुसार राज्यपालांना शिक्षा कमी किंवा माफ करता येते. हा निर्णय ते एकट्याने घेत नाहीत, मंत्रिमंडळाचा सल्ला असतो. पण निर्णय वर्षानुवर्षं लांबला तर? कैदी रोज मरणाची वाट पाहत बसतो. म्हणून २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंधरा कैद्यांची फाशी रद्द करून जन्मठेप दिली. त्यातल्या बहुतेकांच्या अर्जांना फार उशीर झाला होता. म्हणजे पाहा, घाई वाईट आणि दिरंगाईही वाईट!

आज जेवताना आईबाबांना एक प्रश्न विचारा : १९४५ साली तुम्ही व्हाइसरॉय असता, तर त्या अर्जावर काय लिहिलं असतं? उत्तर देण्याआधी बालाजीच्या आईला आठवा, आणि त्या अधिकाऱ्यांच्या मुलांनाही. मग सांगा.