आयपॉड
आयपॉड : अंकीय स्वरूपात साठविलेले संगीत कोठेही ऐकता यावे, यासाठी ॲपल या अमेरिकन कंपनीने तयार केलेले खिशात मावणारे उपकरण. ते २३ ऑक्टोबर २००१ रोजी प्रथम जाहीर करण्यात आले. त्याच्या अखेरच्या प्रकाराचे उत्पादन बंद करण्यात येत असल्याची घोषणा कंपनीने १० मे २०२२ रोजी केली. या जातीचे ते पहिले उपकरण नव्हे. तथापि सुवाह्य (सहज वाहून नेता येण्यासारख्या) संगीतयंत्रांच्या विकासातील बहुतेक टप्पे त्याच्या निरनिराळ्या प्रतिमानांत एकापाठोपाठ एक पाहावयास मिळतात. या प्रत्येक टप्प्याचे स्वरूप मुख्यतः एका प्रश्नाच्या उत्तरावर ठरत गेले : संगीत कशावर साठवावयाचे?

पूर्वपीठिका : चालता-फिरता एकट्याने संगीत ऐकण्याची प्रथा १९७९ मध्ये जपानमधील सोनी कंपनीने विक्रीस आणलेल्या ‘वॉकमन’ या कॅसेट-यंत्राने रूढ केली. १९८२ मध्ये अंकीय ध्वनिमुद्रण असलेली कॉम्पॅक्ट डिस्क (सीडी) बाजारात आली आणि १९८४ मध्ये सोनीनेच तिच्यासाठी सुवाह्य यंत्र तयार केले. या दोन्ही यंत्रांत फीत वा तबकडी फिरत असे, गीते बदलण्यासाठी ती काढून दुसरी घालावी लागे आणि धक्का बसला असता सीडीवरील वादनात खंड पडे. हे दोष टाळावयाचे, तर संगीत यंत्रातच साठविणे आवश्यक होते. परंतु त्यासाठी लागणारी स्मृती फार मोठी होती. सीडीवर ध्वनीचे दर सेकंदाला ४४,१०० वेळा मापन केलेले असते. प्रत्येक मापन १६ बिटांचे असून ते दोन वाहिन्यांसाठी स्वतंत्रपणे केलेले असल्याने एका सेकंदाच्या संगीतास १४,११,२०० बिट, म्हणजे एका मिनिटास सु. १०·६ मेगॅबाइट इतकी जागा लागते.

ध्वनीचे संक्षेपण : ही अडचण ‘एमपी३’ या पद्धतीने दूर केली. जर्मनीतील एर्लांगेन येथील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइंट्स ब्रांडेनबुर्क व त्यांच्या सहकाऱ्यांचा तिच्या विकासात मोठा वाटा होता. या पद्धतीचे आंतरराष्ट्रीय मानक १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. ती मानवी श्रवणाच्या एका गुणधर्मावर आधारलेली आहे : मोठा आवाज चालू असता त्याच्या जवळपासच्या कंप्रतेचा (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्येचा) बारीक आवाज कानाला जाणवत नाही. असे न जाणवणारे घटक वगळून वा ढोबळपणे नोंदवून माहितीचे आकारमान पुष्कळ कमी करता येते. दर सेकंदास १,२८,००० बिट या प्रमाणात संगीत नोंदविल्यास एका मिनिटाला सु. १ मेगॅबाइट पुरते. मूळ सीडीच्या मानाने हे सु. एक-अकरांश होय. वगळलेले घटक मात्र पुन्हा मिळविता येत नाहीत. संक्षेपण जितके अधिक, तितकी झांजांच्या नादात किंवा तंतुवाद्याच्या झंकारात पडणारी उणीव चिकित्सक श्रोत्याला जाणवू लागते.

आरंभीची यंत्रे : १९९८ मध्ये दक्षिण कोरियातील सेहान कंपनीने ‘एमपीमॅन’ व त्याच वर्षी अमेरिकेतील डायमंड मल्टिमीडिया कंपनीने ‘रिओ पीएमपी ३००’ ही यंत्रे विक्रीस आणली. त्यांत फिरणारा एकही भाग नव्हता. संगीत फ्लॅश स्मृतीत, म्हणजे वीजपुरवठा बंद झाला तरी माहिती टिकवून धरणाऱ्या अर्धसंवाहक स्मृतीत साठविले जाई. ही स्मृती जपानमधील तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी १९८० नंतरच्या दशकात विकसित केली होती. ती महाग असल्याने रिओमध्ये ३२ मेगॅबाइट एवढीच स्मृती होती आणि तीत जेमतेम अर्ध्या तासाचे संगीत मावे.

अमेरिकेतील ध्वनिमुद्रण-व्यावसायिकांच्या संघटनेने रिओच्या विक्रीवर बंदी आणण्यासाठी दावा लावला. जून १९९९ मध्ये तेथील अपील न्यायालयाने तो फेटाळला. आपल्याजवळील संगीताची प्रत स्वतःच्या उपयोगासाठी अन्य ठिकाणी ऐकता यावी म्हणून करणे, हे कायद्याच्या उद्देशाशी सुसंगत आहे, असे न्यायालयाने मानले. या निर्णयामुळे पुढील सर्व यंत्रांचा मार्ग मोकळा झाला.

दुसरा मार्ग संगणकातील हार्ड डिस्क वापरण्याचा होता. १९८८ मध्ये आल्बेअर फेर (फ्रान्स) व पेटर ग्र्यूनबेर्ग (जर्मनी) यांनी स्वतंत्रपणे शोधलेल्या महाचुंबकीय रोध परिणामामुळे चुंबकीय तबकडीवरील अतिसूक्ष्म खुणा वाचता येऊ लागल्या व लहान तबकडीत पुष्कळ माहिती साठविणे शक्य झाले. या शोधाबद्दल दोघांना २००७ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९९९–२००० मध्ये निघालेल्या हार्ड डिस्कच्या यंत्रांत, उदा., सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीच्या ‘नोमॅड ज्यूकबॉक्स’मध्ये, ६ गिगॅबाइट संगीत मावे, परंतु ते यंत्र आकाराने सीडी-यंत्राएवढे होते. थोडक्यात, लहान यंत्रात गीते थोडी आणि पुष्कळ गीते हवी असल्यास यंत्र मोठे, अशी स्थिती होती.

पहिला आयपॉड : तोशिबाने तयार केलेल्या केवळ १·८ इंच (सु. ४·६ सेंमी.) व्यासाच्या हार्ड डिस्कमुळे हा पेच सुटला. टोनी फॅडेल, जॉन रुबिनस्टाइन व अभिकल्पक जॉनथन आइव्ह यांचा आयपॉडच्या निर्मितीत प्रमुख वाटा होता. १८४ ग्रॅ. वजनाच्या पहिल्या प्रतिमानाची किंमत ३९९ डॉलर, तर धारणक्षमता ५ गिगॅबाइट होती. दर सेकंदास १,६०,००० बिट या प्रमाणात त्यात सु. १,००० गीते मावत. संक्षेपणाशिवाय त्याच जागेत सु. १२० गीतेच राहिली असती.

सतत फिरणारी तबकडी लहान विद्युत् घट लवकर संपविते. त्यामुळे आयपॉडमध्ये ३२ मेगॅबाइटची एक तात्पुरती स्मृती बसविली होती. तबकडी थोडा वेळ फिरून सु. २० मिनिटांचे संगीत या स्मृतीत भरी आणि थांबे. वादन स्मृतीतून चाले. यामुळे लिथियमचा घट सु. १० तास पुरे आणि धक्का बसला तरी गाणे तुटत नसे. संगणकाशी जोडणीसाठी ‘फायरवायर’ हा जलद मार्ग वापरला होता. तत्कालीन यूएसबी जोडणीने सर्व गीते भरण्यास कित्येक तास लागले असते, ते काम या मार्गाने सु. १० मिनिटांत होई. हजार गीतांतून हवे ते शोधण्यासाठी अंगठ्याने फिरवावयाचे चक्र दिलेले होते. ते हळू फिरविल्यास यादी एकेक ओळ सरके, भरभर फिरविल्यास तिचा वेग वाढे.

प्रतिमानांचा विकास : पहिला आयपॉड केवळ ॲपलच्याच संगणकांशी जोडता येई. २००२ च्या दुसऱ्या प्रतिमानात विंडोज संगणकांची सोय झाली आणि फिरणाऱ्या चक्राऐवजी स्पर्श ओळखणारे स्थिर चक्र आले. २००३ च्या तिसऱ्या प्रतिमानात बटणे चक्राच्या वर एका ओळीत मांडली होती. ही मांडणी टिकली नाही. २००४ मधील ‘मिनी’मध्ये बटणे चक्राखालीच बसवून ‘क्लिक व्हील’ तयार करण्यात आले व तेच पुढे मोठ्या आयपॉडनेही स्वीकारले. मिनीमध्ये १ इंच व्यासाची ४ गिगॅबाइटची हार्ड डिस्क होती. तत्कालीन मोठ्या आयपॉडपेक्षा गीते पुष्कळ कमी असूनही मिनी अत्यंत लोकप्रिय झाला. ग्राहकाला धारणक्षमतेइतकीच लहान आकाराचीही ओढ आहे, हे त्यावरून दिसून आले.

२००५ पासून फ्लॅश स्मृती पुरेशी स्वस्त झाली. त्या वर्षी जानेवारीत आलेल्या ‘शफल’चे वजन केवळ २२ ग्रॅ. होते. त्याला पडदाच नसल्याने गीते क्रमाने किंवा कोणत्याही क्रमावाचून ऐकावी लागत. सप्टेंबरमध्ये ६·९ मिमी. जाडीचा ‘नॅनो’ आला आणि ऐन लोकप्रियतेत असलेल्या मिनीचे उत्पादन थांबविण्यात आले. २००९ च्या शफलमध्ये नियंत्रणाची बटणे यंत्रावरून काढून कानाच्या तारेवर नेण्यात आली होती. पुढच्याच वर्षी ती यंत्रावर परत आणावी लागली. मोठ्या आयपॉडमध्ये २००४ मध्ये रंगीत पडदा व २००५ मध्ये चित्रफिती पाहण्याची सोय आली. २००७ पासून त्यास ‘क्लासिक’ हे नाव मिळून त्याची धारणक्षमता १६० गिगॅबाइटपर्यंत गेली. त्याच वर्षी आलेल्या ‘टच’मध्ये चक्र जाऊन संपूर्ण स्पर्शसंवेदी पडदा व बिनतारी इंटरनेट जोडणी यांचा समावेश झाला.

संगीताची विक्री : एप्रिल २००३ मध्ये ॲपलने सु. २ लाख गीतांचे ‘आयट्यून्स’ विक्रीकेंद्र इंटरनेटवर अमेरिकेत सुरू केले. एक गीत ९९ सेंटला सुटे विकत मिळू लागल्याने एका गीतासाठी पूर्ण तबकडी घेण्याची गरज उरली नाही. या गीतांना प्रतबंधक कुलूप असल्याने ती अन्य कंपन्यांच्या यंत्रांवर सरळ वाजत नसत. पैसे देऊन घेतलेल्या वस्तूवर ग्राहकाचा हक्क कितपत, हा वाद त्यातून उद्भवला. २००९ मध्ये हे कुलूप काढून टाकण्यात आले.

भारतात बहुसंख्य श्रोत्यांपर्यंत अंकीय संगीत पोहोचले ते मुख्यतः एमपी३ सीडी, स्वस्त यंत्रे व मोबाइल फोनमधील स्मृतिपत्र (मेमरी कार्ड) यांच्याद्वारे. गीते भरून देणारी दुकाने गावोगाव निघाली. त्यातील बरीचशी देवघेव स्वामित्व हक्काच्या कायद्याबाहेर होती. २०१७ मध्ये सारेगामा कंपनीने ५,००० हिंदी गीते आधीच भरलेले ‘कारवाँ’ हे यंत्र आणले. रेडिओसारख्या दिसणाऱ्या या यंत्राच्या मराठीसह अन्य भाषांतील आवृत्त्याही निघाल्या. संगणक व इंटरनेट न वापरणाऱ्या श्रोत्याची गरज त्यातून स्पष्ट झाली.

मर्यादा व दुष्परिणाम : आयपॉडचा विद्युत् घट आत बंदिस्त असल्याने निकामी झाल्यावर तो बदलणे सामान्य ग्राहकाला कठीण जाई. याबाबतच्या दाव्यात अमेरिकेत २००५ मध्ये तडजोड होऊन ग्राहकांना भरपाई देण्यात आली. सुवाह्य यंत्राने मोठ्या आवाजात दीर्घकाळ संगीत ऐकल्यास अंतर्कर्णातील संवेदी केशकोशिकांना इजा होते. त्या पुन्हा निर्माण होत नसल्याने येणारे बहिरेपण कायमचे असते. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या २०१९ च्या मानकानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबेल तीव्रतेचा आवाज आठवड्यास ४० तास ही सुरक्षित मर्यादा मानली आहे.

ऱ्हास : आयपॉडची विक्री २००८ या आर्थिक वर्षात सु. ५·४८ कोटींवर पोहोचली व नंतर घटत गेली. फ्लॅश स्मृती, पडदा व घट ही त्याची सर्व अंगे मोबाइल फोनमध्ये आली होती आणि ॲपलचा स्वतःचा आयफोन (२००७) हाच आयपॉडचा प्रमुख प्रतिस्पर्धी ठरला. २०१४ मध्ये क्लासिक बंद झाला. त्याचे सुटे भाग मिळेनासे झाल्याचे कारण कंपनीच्या प्रमुखांनी दिले. २०१७ मध्ये नॅनो व शफल आणि २०२२ मध्ये टच यांची निर्मिती थांबली. सोनीसारख्या काही कंपन्यांनी मात्र संक्षेपणाविना संगीत ऐकू इच्छिणाऱ्या थोड्या श्रोत्यांसाठी अशी यंत्रे पुढेही चालू ठेवली.

संगीत कशावर साठवावयाचे, या प्रश्नाचे उत्तर आता पुन्हा बदलले आहे. ते दूरच्या संगणकांत साठविलेले असते आणि वर्गणी भरणाऱ्या श्रोत्याकडे इंटरनेटवरून प्रवाहाच्या रूपाने येते. यामुळे कोट्यवधी गीते सुलभ झाली. तथापि वर्गणी थांबली किंवा कंपनीने एखादे गीत मागे घेतले, की ते श्रोत्याला दुरावते. चालू स्थितीतील जुना आयपॉड मात्र मालकाने भरलेली गीते कोणत्याही जोडणीशिवाय वाजवीत राहतो. जुन्या आयपॉडमध्ये नवा घट आणि हार्ड डिस्कऐवजी फ्लॅश स्मृती बसवून ते वापरणारे हौशी लोक त्यामुळेच आढळतात.