न्यायालयाचे निवाडे घरीं बसून कसे शोधावे

अलिबाग, पेण, मुरूड या बाजूच्या खातेदारांस कोर्टकज्जा नवा नाहीं. भाऊबंदकी, कुळवहिवाट, खाजणाचा बांध यांपैकीं एखादें प्रकरण बहुतेक घरांत असतेंच. परंतु तसल्याच वादांत वरिष्ठ न्यायालयानें पूर्वीं काय ठरविलें, हें वकिलाच्या कपाटांतील जाड बुकांतच राही. तें आतां फुकट पाहावयास मिळतें.

सुशांत सिन्हा या संगणकशास्त्रज्ञांनीं सन २००८ मध्यें ‘इंडियन कानून’ ही शोधयंत्रणा सुरू केली. तींत सर्वोच्च न्यायालय, आपलें मुंबईचें उच्च न्यायालय व इतर उच्च न्यायालयें यांचे निकाल तसेच कायदेहि सांपडतात. मोबाइलवरहि ती उघडते. निकाल इंग्रजींत असल्यामुळें शब्द इंग्रजींतच घालावे लागतात. घरांतील शिकत्या मुलास जवळ बसवावें. नुसता ‘लँड’ शब्द घातल्यास निकालांचा ढीग पुढें पडतो. म्हणून कायद्याचें नांव, कलम व वादाचा नेमका शब्द एकत्र घालावा. जोडशब्द अवतरणचिन्हांत ठेवावे. मग मुंबई उच्च न्यायालय तेवढें निवडावें.

मागील पावसाळ्यांत आमच्या ओळखीचे एक खातेदार आमच्याकडे आले. वडील वारल्यावर वारसनोंदींत त्यांचें नांव गळलें; सातबारा एकट्या थोरल्या भावाच्या नांवें झाला. हक्क बुडालाच असें समजून, मिळेल त्या रकमेवर हक्कसोडपत्र करून देण्यास ते निघाले होते. आमचें आयुष्य महसुली कारकुनींत गेलें. नोंद म्हणजे मालकी नव्हे, हें आम्हांस ठाऊक होतें, पण आमच्या तोंडच्या शब्दावर त्यांचा विश्वास बसेना. त्यांच्या मुलीनें ‘म्युटेशन’ व ‘टायटल’ हे शब्द घालतांच बलवंतसिंग विरुद्ध दौलतसिंग हा सर्वोच्च न्यायालयाचा १९९७ चा निकाल निघाला. फेरफारानें मालकी उत्पन्न होत नाहीं आणि नष्टहि होत नाहीं, असें त्यांत स्पष्ट आहे. हक्कसोडपत्र राहिलें, गृहस्थ वकिलाकडे गेले.

मात्र एका निकालावर उडी मारूं नये. प्रत्येक निकालासोबत, पुढें तो कोणकोणत्या निकालांत उल्लेखिला गेला, त्याची यादी मिळते. ती अवश्य उघडावी. खालच्या कोर्टाचा आपल्याला रुचणारा निवाडा वरच्या कोर्टानें फिरविलेला असूं शकतो. शिवाय जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणें, उलट सिद्ध होईपर्यंत नोंद खरीच मानली जाते. म्हणजे पुराव्याचें ओझें नांव गळलेल्यावरच येतें.

मंडळ अधिकारी किंवा तहसीलदार यांचे हुकूम या यंत्रणेंत सांपडण्याची आशा धरूं नये. त्यांच्या नकला कचेरींतूनच अर्ज करून घ्याव्या. चालू दाव्याची तारीख पाहावयाची असल्यास ती ‘ई-कोर्ट्स’वर, सोळा आंकडी व अक्षरी क्रमांक घालून, फुकट दिसते. आणि निकाल शोधण्याच्या नादांत मुदत घालवूं नये: जिल्हाधिकाऱ्याहून कनिष्ठ अधिकाऱ्याच्या हुकुमावर अपिलास संहितेनें ६० दिवसच दिले आहेत.