वाचनालयाचा उंबरठा



आपण अक्षरे शिकलो. आता सही करता येते. बसची पाटी वाचता येते. दुकानाच्या पावतीवरचा आकडा पाहता येतो. दिवसभर राबून, रात्री वर्गाला बसून आपण हे मिळवले. ही कमाई लहान नाही.

पण कमाई केली की ती राखावीही लागते. विळा रोज हातात असला म्हणजे त्याची धार टिकते. तोच विळा चार महिने कोनाड्यात पडला तर गंजतो. अक्षरांचेही तसेच आहे. वाचत राहिले नाही तर शिकलेले विसरते. मग कोणी कागद पुढे केला की, "काय लिहिलंय, जरा सांगा हो," असे म्हणायची पाळी पुन्हा येते. कागद जमिनीचा असला तर ही पाळी फार महाग पडते. आपल्या शेंद्र्याच्या शिवारात औद्योगिक वसाहत आली, कारखाने आले. त्यांच्याबरोबर नोटिसा, करार, अर्ज असे कागदही आले. ज्याला वाचता येते त्याला कागदाची भीती वाटत नाही.

मग अक्षरे राखायची कुठे? घरात पुस्तके किती घेणार? यावर एक जुना आणि स्वस्त उपाय आहे. तो म्हणजे सार्वजनिक वाचनालय. या पाठात आपण वाचनालयाची ओळख करून घेऊ. चांगले वाचनालय कसे ओळखावे, तेही पाहू.

शिकले, पण पुढे काय?

१९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली. पुढे ती महाराष्ट्रात पसरली. गावातली प्रौढ माणसे लिहू-वाचू लागली की गावात ग्रामगौरव समारंभ होई. मोठी हौस असे. पण समारंभ झाला म्हणजे काम संपले, असे नव्हते. वाचायला हाती काही नसेल, तर आज शिकलेला माणूस उद्या पुन्हा अंगठ्यावर येतो. साक्षरतेचे काम करणाऱ्या सगळ्यांनाच ही अडचण येते.

बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांनी ही अडचण त्याच्याही खूप आधी ओळखली होती. महाराजांचा जन्म १८६३ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी झाला. १८७५ साली त्यांना दत्तक घेऊन बडोद्याच्या गादीवर बसवले. तेव्हा त्यांचे वय बारा वर्षांचे होते, आणि त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. अक्षरे उशिरा शिकलेला माणूस पुढे किती मोठा होऊ शकतो, हे त्यांच्याकडे पाहून कळते.

१९०६ साली त्यांनी आपल्या सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. पण शाळा सोडल्यावर मुले वाचणार काय? म्हणून १९१० साली त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून घेतले. ग्रंथपाल म्हणजे पुस्तके सांभाळणारा आणि वाचकाला ती काढून देणारा जाणता माणूस. मग बडोदे शहरात मोठे ग्रंथालय झाले. तेथे बायकांसाठी आणि मुलांसाठी वेगळी सोय केली. गावोगावी लहान वाचनालये निघाली. जेथे वाचनालय नव्हते तेथे लाकडी पेट्यांत पुस्तके भरून पाठवू लागले. गावाने ती वाचावीत आणि पेटी परत करावी. परत आलेली पेटी मग दुसऱ्या गावाला जाई. वाचकाकडून पैसे घेत नसत.

महाराजांनी माणसाला नुसते 'ग्रंथालयात या' असे सांगितले नाही. ग्रंथालयच माणसाकडे पाठवले.

पुस्तक कोणासाठी?

फार पूर्वी युरोपात पुस्तके हाताने लिहीत. एकेक पुस्तक फार किमती असे. ते चोरीला जाऊ नये म्हणून फळीला साखळीने बांधून ठेवीत. आज कोणी साखळी बांधत नाही. पण काही ठिकाणी कपाटाला कुलूप असते, आणि किल्ली कोणाकडे आहे ते कोणालाच ठाऊक नसते. साखळी गेली आणि कुलूप आले, तर वाचकाला फायदा काय?

मद्रासला रंगनाथन नावाचे एक गृहस्थ होते. ते गणित शिकवीत. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, आणि पुढे सारा जन्म त्यांनी ग्रंथालयांना दिला. त्यांचा जन्मदिवस, १२ ऑगस्ट, हा आपल्या देशात ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात. १९३१ साली त्यांनी एका ग्रंथात पाच नियम मांडले. ते साध्या शब्दांत असे आहेत :

पहिला : पुस्तक वापरण्यासाठी असते, कोंडून ठेवण्यासाठी नव्हे.

दुसरा : प्रत्येक माणसाला त्याच्या कामाचे पुस्तक मिळाले पाहिजे. मोसंबीची बाग असलेल्याला बागेचे, बाळंतिणीला बाळाच्या संगोपनाचे, आणि भजनी मंडळातल्या माणसाला अभंगाच्या गाथेचे.

तिसरा : प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. पुस्तक धूळ खात पडले, तर वाचक शोधणे हे ग्रंथपालाचे काम आहे.

चौथा : वाचकाचा वेळ वाया जाऊ नये. गावाकडचा माणूस रोजगार बुडवून येतो. त्याला तासभर ताटकळत ठेवू नये.

पाचवा : ग्रंथालय वाढत राहते. ते जिवंत झाडासारखे आहे. खतपाणी बंद झाले की ते वाळते.

चांगले वाचनालय कसे ओळखावे?

आम्ही लहान गावांतली आणि तालुक्यांतली वाचनालये पाहायला जातो, तेव्हा इमारत किती मोठी आहे ते आधी पाहत नाही. पुस्तके किती हजार आहेत, तेही आधी विचारत नाही. आम्ही पुढच्या गोष्टी पाहतो. तुम्हीही त्याच पाहा.

*दार.* दार उघडे आहे का? केव्हा उघडते? सकाळी दहा ते संध्याकाळी पाच एवढेच वाचनालय उघडे असेल, तर शेतकऱ्याला आणि कामगाराला ते असून नसल्यासारखे. कारखान्यात पाळीने काम करणारा माणूस संध्याकाळीच मोकळा होतो. वेळेची पाटी दाराबाहेर, मोठ्या अक्षरांत आणि मराठीत हवी. आणि पाटीवरची वेळ खरी हवी.

*बोलणे.* धुळीच्या पायांनी, डोक्याला रुमाल बांधून माणूस आत आला, तर त्याला कोणी काय म्हणते? "काय काम आहे?" असे तुटक विचारले, तर माणूस दारातूनच माघारी फिरतो. "या मामा, बसा. काय वाचायचंय?" असे म्हटले की तोच माणूस दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याला घेऊन येतो. गोड बोलायला पैसे पडत नाहीत.

*बसायची जागा.* बाक असो की सतरंजी, जागा स्वच्छ हवी. उजेड भरपूर हवा. चाळिशी ओलांडलेल्या डोळ्यांना मंद दिव्यात बारीक अक्षर दिसत नाही. पिण्याच्या पाण्याचा माठ हवा. आपल्या मराठवाड्याच्या उन्हाळ्यात माठाएवढे मोठे स्वागत दुसरे नाही.

*आपल्याजोगी पुस्तके.* नव्याने शिकलेल्याला जाड ग्रंथ दिला तर तो घाबरतो. त्याला ठळक अक्षरांची, छोट्या वाक्यांची, चित्रांची पुस्तके हवीत. ती खालच्या फळीवर, हाताशी ठेवलेली हवीत. वाचकाने स्वतः उठून पुस्तक काढावे, चाळावे आणि नाही आवडले तर ठेवून द्यावे. असे करता आले म्हणजे भीड मोडते.

*आयाबाया आणि मुले.* बाई वाचनालयात एकटी येऊन निवांत बसू शकते का? तिच्या सोयीची वेळ आहे का? लेकराने पुस्तक हातात घेतले तर कोणी खेकसत तर नाही? ज्या वाचनालयात फक्त पुरुष वर्तमानपत्र चाळताना दिसतात, त्याचे निम्मे काम अजून व्हायचे आहे.

*सर्वांना सारखा मान.* चैत्रात आपल्याकडे मांगीरबाबाची यात्रा भरते. लांबलांबून माणसे येतात. देवाच्या दारात जो आला तो आपला. वाचनालयाचे दारही तसेच हवे. जात, धर्म, पैसा यांवरून तेथे कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही. जगातल्या देशांनी मिळून काढलेल्या युनेस्को या संस्थेने १९४९ साली सार्वजनिक ग्रंथालयांविषयी एक जाहीरनामा काढला. ग्रंथालय लोकांचे आहे आणि ते सर्वांना सारखेच खुले असावे, हाच त्याचा गाभा आहे. १९५१ साली दिल्लीत त्याच संस्थेच्या मदतीने एक सार्वजनिक ग्रंथालय उघडले. नव्याने लिहू-वाचू लागलेल्या माणसांची सोय करणे हा त्याचा एक मोठा हेतू होता. म्हणजे आपल्यासारख्यांचा विचार करून ते उभारले होते.

कायदा काय म्हणतो?

वाचनालय ही कोणाची मेहेरबानी नाही. आपला मराठवाडा पूर्वी हैदराबाद राज्यात होता. त्या राज्याने १९५५ साली ग्रंथालयांचा कायदा केला. स्वतंत्र भारतात मद्रासनंतर असा कायदा करणारे ते दुसरे राज्य. पुढे महाराष्ट्राने १९६७ साली स्वतःचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा केला. या कायद्याप्रमाणे गावच्या लोकांनी संस्था काढून वाचनालय चालवावे आणि सरकारने त्याला अनुदान द्यावे, अशी रीत आहे. कामाप्रमाणे वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग करतात. चांगले काम केले की वर्ग वाढतो आणि अनुदानही वाढते.

अनुदान म्हणजे आपल्या सर्वांच्या कराचा पैसा. दुकानात सामान घेताना आपण जो कर देतो, त्यातलाच तो अंश. म्हणून वाचनालयात जाताना भीड बाळगू नका. तुम्ही पाहुणे नाही, घरचे आहात.

पहिल्यांदा जाताना

शेंद्र्याहून जालना रस्त्याने छत्रपती संभाजीनगर जवळ आहे. तेथे शासकीय विभागीय ग्रंथालय आहे. बाजाराला किंवा कचेरीच्या कामाला गेलात की अर्धा तास काढा आणि आत जाऊन या. आपल्या जवळच्या गावात लहान वाचनालय असेल, तर तेथून सुरुवात करा.

आत गेल्यावर चप्पल कोठे काढायची ते पाहा. नोंदवहीत आपले नाव लिहा. ही सही कर्जाच्या कागदावरची नाही. ती आनंदाने करायची सही आहे. मग वर्तमानपत्र उचला. आधी मोठे मथळे वाचा. एक बातमी पुरी वाचली तरी पहिल्या दिवसाचे काम झाले. ओठ हलले, बोट फिरवावे लागले, तरी लाजू नका. सगळे असेच शिकतात. फक्त शेजारच्याला त्रास होईल एवढ्या मोठ्याने वाचू नका.

पुस्तक घरी न्यायचे असेल तर सभासद व्हावे लागते. त्यासाठी बहुतेक ठिकाणी वर्गणी आणि अनामत अशा दोन रकमा असतात. वर्गणी परत मिळत नाही. अनामत आपण सभासदपण सोडले की परत मिळते. म्हणून पैसे दिले की पावती मागा, वाचा आणि जपून ठेवा. पुस्तक परत करायची तारीख चिठ्ठीवर लिहिलेली असते. ती पाळा. पान दुमडू नका. चुलीजवळ पुस्तक नेऊ नका. आपल्यामागे तेच पुस्तक वाचायला कोणीतरी थांबलेले असते.

काही समजले नाही तर विचारा. "मी नवीन शिकलोय, मला सोपं पुस्तक द्या," असे सरळ सांगा. त्यात कमीपणा नाही. तुम्ही मागितले नाही, तर तसली पुस्तके आणायला हवीत हे वाचनालयाला कळणार कसे?

गावात वाचनालय नसेल तर

तर निराश होऊ नका. 'गाव करी ते राव न करी.' शाळेची एक खोली संध्याकाळपुरती मिळते का ते पाहा. एक पेटी, पन्नास पुस्तके, एक वर्तमानपत्र आणि रोज दिवा लावणारा एक भरवशाचा माणूस, एवढ्यावर सुरुवात होते. ज्याला वाचता येते त्याने मोठ्याने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे. ऐकणाऱ्यातलाच एखादा उद्या वाचू लागेल.

सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरजवळ भिलार हे स्ट्रॉबेरी पिकवणारे गाव आहे. २०१७ साली ते 'पुस्तकांचे गाव' झाले. तेथे गावकऱ्यांनी आपल्या घरांत पुस्तकांना जागा दिली. कोणाच्या ओसरीवर, कोणाच्या माडीवर पुस्तके मांडली आहेत. येणाऱ्याने बसावे आणि वाचावे. त्यांची घरे आपल्या घरांसारखीच आहेत. त्यांनी दार उघडले, एवढेच.

वाचनालयाचा उंबरठा खाली ठेवणे हे चालवणाऱ्यांचे काम आहे. तो ओलांडणे हे आपले काम आहे. दोघांनी आपापले काम केले, तर अक्षराला गंज चढणार नाही. या आठवड्यात एकदा तरी वाचनालयात जा. आणि जाताना एकटे जाऊ नका, वर्गातल्या सोबत्याला बरोबर घ्या.