शेवट 'कर'चा

आडनावाचं शेपूट आधी वाचायचं, ही आम्हा मराठी माणसांची जुनी सवय. परक्या मुलुखात कुणाच्या दारावरच्या पाटीवर शेवटी 'कर' दिसलं, की 'आपलाच दिसतोय' आणि 'गाव कुठलं असेल?' हे दोन्ही विचार एकदमच मनात येतात. पण हेच काम कॉम्प्युटरला सांगितलं तर?

समजा, गणेशोत्सवात 'कर' विरुद्ध 'बाकीचे' असा क्रिकेटचा सामना ठरला. सभासदांच्या यादीतून 'कर'वाले तेवढे वेगळे काढायचे आहेत. यादी अर्थातच रोमन लिपीत. प्रोग्रॅमर मंडळी अक्षरांच्या ओळीला 'स्ट्रिंग' म्हणतात. म्हणजे प्रश्न एवढाच, की ही स्ट्रिंग के-ए-आर या तीन अक्षरांनी संपते का?

नुसतं 'कर' शोधून भागत नाही, कारण कुलकर्णी लगेच आत शिरतात! त्यांचा 'कर' मधेच आहे. म्हणून सरळ रीत अशी : आधी आडनाव निदान तीन अक्षरांचं आहे ना ते बघायचं, मग शेवटची तीन अक्षरं ताडून पाहायची. जावा आणि पायथन या भाषांत यासाठी 'एंड्सविथ' नावाची तयार सोय आहे. जावास्क्रिप्ट मात्र १९९५ साली जन्मली आणि तिच्या अधिकृत नियमांत ही सोय आली ती २०१५ साली. मधली वीस वर्षं ज्याने त्याने आपापली युक्ती लढवली.

त्यातली एक युक्ती फार मजेदार. 'कर' पहिल्यांदा कितव्या जागी सापडतं ते विचारायचं (मोजणी शून्यापासून), आणि तो आकडा 'एकूण अक्षरं वजा तीन' इतका आला तर 'हो' म्हणायचं. तेंडुलकर, मंगेशकर बिनतक्रार पास. पण करमरकर आले की गाडी अडते. त्यांची रोमन अक्षरं नऊ, म्हणजे उत्तर सहा हवं. पण पहिला 'कर' सुरुवातीलाच, शून्याच्या जागी. झालं, करमरकर संघाबाहेर! १९८४ साली बेल लॅब्जमध्ये असताना नरेंद्र करमरकरांनी लिनियर प्रोग्रॅमिंगची नवी पद्धत मांडून जगभर नाव केलं. त्यांचंच आडनाव प्रोग्रॅमला ओळखता येऊ नये!

याहून वरचढ म्हणजे बंगाली 'डे'. रोमनमध्ये अक्षरं दोनच. दोनातून तीन गेले, उरले उणे एक. आणि 'कर' सापडलंच नाही, तर कॉम्प्युटर सांगतो तेही उणे एकच. दोन्ही आकडे जुळले आणि डेबाबू 'कर' संघात दाखल! आधी अक्षरांची संख्या तपासायची ती याचसाठी. शिवाय आडनाव मोठ्या लिपीत टाइप केलं असेल किंवा शेवटी चुकून मोकळी जागा राहिली असेल, तरी कॉम्प्युटर 'नाही' म्हणतो. त्याला सगळं एकसारखं करून द्यावं लागतं.

बंगाली 'सरकार' रोमनमध्ये अस्सल 'कर'वाले ठरतात. देवनागरीत मात्र ते आपोआप वगळले जातात, कारण तिथे 'क' आणि 'र' यांच्यामध्ये काना उभा आहे. १९९१ साली युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला जागा मिळाली, पण तिथे काना, मात्रा, वेलांटी यांना स्वतंत्र क्रमांक आहेत. त्यामुळे 'गोखले'चं शेवटचं अक्षर आपल्या लेखी 'ले', तर कॉम्प्युटरच्या लेखी नुसती मात्रा. बाराखडी शिकणाऱ्या आपल्या मुलांना हे जरूर दाखवावं.

हे सगळं क्रिकेटपुरतंच आहे असं मात्र समजू नका. फाइल कसली आहे हे तिच्या नावाच्या शेवटावरून ठरतं. मे २००० मध्ये 'आय लव्ह यू' म्हणत ईमेलमधून एक किडा जगभरच्या लाखो कॉम्प्युटरांत शिरला. सोबतच्या फाइलचं नाव 'डॉट टीएक्सटी डॉट व्हीबीएस' असं संपत होतं. विंडोज शेवटचा तुकडा सहसा दाखवत नसे, म्हणून लोकांना वाटलं साधं पत्र आहे. प्रत्यक्षात तो प्रोग्रॅम होता. दोन टिंबं असलेलं नाव दिसलं, तर शेवटच्या टिंबापुढचं काय आहे ते आधी वाचावं.

आणि घरातल्या कॉलेजकुमाराने मंडळाच्या यादीसाठी असा प्रोग्रॅम लिहिलाच, तर त्याला चार आडनावं घालून बघा : कुलकर्णी, करमरकर, सरकार आणि डे. सरकारांचा निकाल लिपीवर ठरेल. बाकी तिघांपैकी संघात फक्त करमरकर आले, तर पोराला खुशाल शाबासकी द्या.