तोंड दाखवायला जागा

बुडापेस्टच्या एलिझाबेथ पुलावर २८ जून २०२५ ला उसळलेल्या गर्दीचे फोटो एव्हाना तुमच्या मोबाइलवर येऊन गेले असतील. हंगेरीच्या सरकारने प्राइड या समलिंगींच्या मोर्चावर बंदी घातली, महापौरांनी ‘हा तर पालिकेचाच कार्यक्रम’ म्हणत पळवाट काढली आणि लाखाहून अधिक माणसं रस्त्यावर आली. तेव्हाचे पंतप्रधान ओर्बान यांची जिरली, असा सूर सगळीकडे लागला. लागू दे. माझं लक्ष मात्र बंदीच्या कायद्यातल्या एका तरतुदीवर अडकलं आहे. मोर्चात कोण कोण चाललं हे हुडकायला पोलिसांना चेहरे ओळखणारी यंत्रणा वापरायची मुभा दिली होती. सापडलेल्याला दंड दोन लाख फोरिंटपर्यंत, म्हणजे आपले साधारण ५०,००० रुपये.

चेहऱ्यावरच का डोळा? आपल्याकडे एखादा मुलगा घरात धीर करून सांगतो, ‘मी गे आहे’, तेव्हा बापाच्या तोंडून बहुतेक वेळा पहिलं काय निघतं ते आठवून पाहा. ‘आम्हाला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस!’ पोराला काय वाटतं, तो इतकी वर्षं कसा जगला, हे सगळं मागाहून. आधी तोंड. हंगेरीच्या सरकारलाही नेमकं हेच कळलेलं दिसतं.

चेहरा उघडा पडण्याची ही भीती जुनीच. स्टोनवॉलची कथा दर जूनमध्ये छापून येते, त्यामुळे ती उगाळत नाही. न्यूयॉर्कमधला माफियाच्या मालकीचा एक कळकट बार, २८ जून १९६९ च्या पहाटेची पोलिसांची धाड आणि उलटून उभी राहिलेली गिऱ्हाइकं, एवढं पुरे. त्या काळी अशा धाडीत पकडलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापली जात. नाव आलं की नोकरी गेली, घरमालकाने बोचकं बाहेर ठेवलं. तुरुंगाहून लोक त्या छापील ओळीला जास्त भीत.

मला त्याआधीचा एक मोर्चा जास्त बोलका वाटतो. १९६५ पासून दर ४ जुलैला फिलाडेल्फियाच्या इंडिपेन्डन्स हॉलसमोर चाळीसेक समलिंगी स्त्री-पुरुष फलक घेऊन गोल गोल फिरत. पुरुष कोट-टायमध्ये, बायका स्कर्टमध्ये, आणि घोषणा नाहीत. शिस्त फ्रँक कामेनी यांची. हे खगोलशास्त्रज्ञ; समलिंगी असल्यामुळे १९५७ मध्ये अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागातून त्यांना काढलं होतं. नोकरी हवी तर नोकरी देण्याजोगे दिसा, असा त्यांचा हिशेब. त्यात चूक काढणं आज सोपं आहे. पण १९६५ मध्ये भर दिवसा, उघड्या चेहऱ्याने तिथे उभं राहायला जी छाती लागत होती, ती आज रंगीत विग घालून नाचायला लागत नाही.

१९६९ च्या फेरीत दोन मुलींनी एकमेकींचा हात धरला आणि कामेनींनी तो सोडवला. क्रेग रॉडवेल नावाचा तरुण पुस्तक दुकानदार तिथे होता. स्टोनवॉलला जेमतेम आठवडा झाला होता. रॉडवेलचं डोकं फिरलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याने आणि तीन मित्रमैत्रिणींनी ठराव आणला: हा मोर्चा न्यूयॉर्कला न्यायचा, जूनच्या शेवटच्या शनिवारी काढायचा आणि कपड्यांचं, वयाचं कसलंही बंधन ठेवायचं नाही. तो निघाला पुढच्या वर्षी २८ जूनला, एका रविवारी. परवाना हातात पडला निघायच्या जेमतेम दोन तास आधी. ग्रीनविच व्हिलेज ते सेंट्रल पार्क हे अंतर लोक इतक्या भराभर चालले, की ठरलेल्या वेळेच्या निम्म्याहून कमी वेळात पोचले. आनंद होताच, आणि कुठून दगड येईल ही धास्तीही. ‘प्राइड’ हा शब्द त्या वर्षीच्या तयारीतलाच. आधी ‘गे पॉवर’ची चर्चा होती. क्रेग शूनमेकर या कार्यकर्त्याचं म्हणणं पडलं, की सत्ता आपल्यासारख्यांना मिळणं अवघड, ताठ मान तरी प्रत्येकाला ठेवता येईल.

फिलाडेल्फियाचं भांडण पुढे आपल्या पुण्यातही झालं. पुण्याची पहिली पदयात्रा ११ डिसेंबर २०११ ची. काही वर्षांनी ‘साधे कपडे घालून या’ असा आग्रह आयोजकांनी धरला आणि बरेच लोक बिथरले. दोन्ही बाजूंना एकच काळजी होती: रस्त्याच्या कडेला उभा असलेला माणूस आपल्याकडे बघून काय म्हणेल? एका बाजूला ती काळजी मिटवायची होती, दुसरीला झुगारायची.

आपल्याकडची पहिली फेरी त्याही आधीची. कोलकाता, २ जुलै १९९९, माणसं १५. नाव ‘फ्रेंडशिप वॉक’, कारण मैत्रीला कोण हरकत घेणार? बरोबर दहा वर्षांनी, त्याच तारखेला, दिल्ली उच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाची नांगी पहिल्यांदा मोडली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा बसवली आणि ६ सप्टेंबर २०१८ ला कायमची काढली. मुंबईचा पहिला ‘क्वीअर आझादी’ मोर्चा १६ ऑगस्ट २००८ चा, स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशीचा. ‘तुमचं झालं, आमचं राहिलं’ हा टोला तारखेतच होता. २०२० मध्ये पोलिसांनी ऑगस्ट क्रांती मैदानावरून निघायची परवानगी नाकारली आणि सगळ्यांना आझाद मैदानात बसवलं. म्हणून बुडापेस्टची बातमी वाचून फार हसू नये.

हल्ली तक्रार असते ती कंपन्यांच्या इंद्रधनुषी लोगोंची. २०२५ मध्ये अमेरिकेत काही बड्या प्रायोजकांनी न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्कोच्या प्राइडमधून हात आखडता घेतला. मला त्याचं वाईट वाटलं नाही. वारा फिरला की विरघळणारा रंग गेलेलाच बरा.

मुंबई-दिल्लीच्या सुरुवातीच्या मोर्चांत मुखवटे वाटले जात. घरी सांगितलेलं नाही, ऑफिसात कळलं तर पंचाईत, पण चालायचं तर आहे, अशांसाठी. काहींना हा भित्रेपणा वाटे. मला नाही वाटत. मुखवटा लावून का होईना, तो माणूस घरातून निघून रस्त्यावर आला होता. ३७७ गेल्यावर मुखवटे कमी झाले, संपले नाहीत. लग्नाचा हक्क सर्वोच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने नाकारला, त्यामुळे जोडीदाराची ओळख करून देताना ‘हा माझा रूममेट’ म्हणणारे अजून भरपूर आहेत.

तेव्हा पुढच्या वेळी गिरगावात किंवा जंगली महाराज रस्त्यावर हा मोर्चा तुम्हाला आडवा आला, तर थांबा, बघा, वाटलं तर चार पावलं सोबत चाला. फक्त मोबाइल वर करण्याआधी समोरच्याला विचारा, ‘फोटो काढू का?’

नाही म्हणाला, तर मोबाइल खिशात ठेवा.