संगणकातील दप्तराची दुसरी प्रत

दाखलखारीज रजिस्टराचे महत्त्व शिक्षकांस सांगावयास नको. धारणी-चिखलदऱ्याकडील कोरकू मुलाच्या जातपडताळणीत वडील-आजोबांची शाळेतील जुनी नोंद मोलाची ठरते. अशा पानांची छायाचित्रे, निकालपत्रके व हिशेब जेथे संगणकात ठेवले जातात, तेथे ते सारे एका हार्ड डिस्कवर अवलंबून असते. वऱ्हाडातील उन्हाळा, विजेचा अचानक खंड किंवा झीज यांमुळे ती पूर्वसूचनेवाचून निकामी होऊ शकते.

यास्तव तैवानमध्ये तयार झालेले क्लोनझिला हे विनामूल्य सॉफ्टवेअर उपयोगी आहे. ते पेनड्राइव्हवरून सुरू होते. त्याच्या योगे केवळ फायलीच नव्हे, तर ऑपरेटिंग सिस्टिमसह संपूर्ण डिस्कची प्रतिमा बाहेरील डिस्कवर उतरविता येते. मूळ डिस्क बिघडल्यास तितक्याच किंवा अधिक क्षमतेची नवी डिस्क बसवावी व प्रतिमेवरून संगणक पूर्ववत् करावा.

मात्र एक दक्षता अत्यावश्यक आहे. ज्या डिस्कवर प्रतिमा परत उतरवावयाची, तिच्यावरील पूर्वीचा सर्व मजकूर नष्ट होतो. म्हणून डिस्कचे नाव व क्षमता दोनदा वाचल्याखेरीज होकार देऊ नये.

प्रतिमा प्रत्येक सत्राअखेर घ्यावी. नंतरचे काम तीत नसते, म्हणून त्या फायलींची वेगळी नक्कल ठेवावी. प्रतिमा शाबूत आहे किंवा नाही, हे क्लोनझिलातच तपासता येते. ते त्याच दिवशी तपासावे. डिस्क संगणकापासून दूर, कुलुपात असावी. मूळ रजिस्टर तर जपावेच.