त्याच दिवशीचा दुसरा वैमानिक

साक्री तालुक्यात हेलिकॉप्टर उतरते ते बहुधा निवडणुकीच्या दिवसांत. मैदानात चुन्याचा गोल आखतात, मधोमध इंग्रजी 'एच' काढतात आणि धूळ बसावी म्हणून सकाळीच टँकरने पाणी मारून घेतात. तरी यंत्र खाली येऊ लागले की मांडव फडफडतो, टोप्या उडतात आणि घटकाभर कुणालाच समोरचे दिसत नाही. पोरांची चंगळ होते. 'हाई इमान नही शे, हेलिकाप्टर शे,' असे एखादा आजोबा नातवाला बजावतो. आत बसलेल्या वैमानिकाला मात्र जमिनीचा अंदाज नेमका त्याच घटकेला घ्यायचा असतो. हिमालयात उतरताना धुळीच्या जागी बर्फाचा भुगा उडतो आणि चुन्याचा गोल कुणी आखलेला नसतो.

ब्राह्मणवेलच्या पठारावरच्या पवनचक्क्या तालुक्याच्या रोजच्या पाहण्यातल्या आहेत. तिथे वारा पाती फिरवतो. हेलिकॉप्टरमध्ये इंजिन पाती फिरवते आणि हवा खाली ढकलून यंत्राला वर धरते. वैमानिकाच्या डाव्या हातातल्या दांड्याने वर-खाली, उजव्या हातातल्या दांड्याने पुढे-मागे आणि बाजूला, पायांखालच्या पेडलने तोंड वळवणे, असा कारभार असतो. एक हलले की उरलेली दोन्ही सावरावी लागतात. उंचावर हवा विरळ झाली की त्याच इंजिनाला कमी वजन पेलते. म्हणून डोंगरात काम करणाऱ्या वैमानिकाला आधी हिशेब पक्का लागतो, धाडसाचा नंबर त्यानंतरचा.

वायुदलात वैमानिकांच्या तीन वाटा: लढाऊ विमाने, मालवाहू विमाने आणि हेलिकॉप्टर. पोस्टर लागतात पहिल्या वाटेची. हेलिकॉप्टरवाला जवानांना चौकीवर पोचवतो, जखमींना खाली आणतो, पुरात दोर सोडतो. आपल्या भागातल्या भरतीच्या पोरांना मिग आणि सुखोई तोंडपाठ असतात. एमआय-१७ विचारले तर निम्मे गप्प बसतात.

साक्रीहून पिंपळनेर, ताहाराबाद, सटाणा, देवळा करत नाशिक गाठले तर अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. वाटेत ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना लागतो, जिथे आधी मिग आणि पुढे सुखोई-३० तयार झाली. नाशिक रोडच्या गांधीनगर तळावर लष्कराच्या हेलिकॉप्टर वैमानिकांची शाळा आहे, २००३ सालापासूनची. कॅप्टन अभिलाषा बराक २०२२ च्या मे महिन्यात इथूनच लष्कराच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक म्हणून बाहेर पडल्या. हेलिकॉप्टर वैमानिक स्क्वॉड्रन लीडर निनाद मांडवगणे याच नाशिकचे. ते लष्कराच्या शाळेतले नव्हेत, वायुदलाचे. शिक्षण भोसला सैनिकी शाळेत. पुढे औरंगाबादची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था. राज्य सरकारने मराठी मुलांचा सैन्यातल्या अधिकारीवर्गातला टक्का वाढावा म्हणून ती १९७७ मध्ये काढली. २००९ साली ते वायुदलात अधिकारी झाले. २०१९ च्या सुरुवातीला नाशिकला आईवडील, संसारात पत्नी आणि दोन वर्षांची मुलगी होती.

फौजी घरांत मुलीचे वय महिन्यांत मोजत नाहीत, बदल्यांत मोजतात. सामानाच्या पेट्या अर्ध्याच उघडायच्या, कारण पुढचा हुकूम कधी येईल सांगता येत नाही. निनाद श्रीनगरच्या १५४ हेलिकॉप्टर युनिटमध्ये होते.

२६ फेब्रुवारी २०१९ ला पहाटे भारतीय विमानांनी पाकिस्तानातल्या बालाकोटवर हल्ला केला. २७ ला सकाळी पाकिस्तानी विमाने नियंत्रण रेषेकडे आली आणि श्रीनगर तळावर एकच धावपळ उडाली. त्याच गडबडीत एक एमआय-१७ व्ही-५ आकाशात होते. रशियातल्या कझानमध्ये बनलेले हे यंत्र तेरा टनांपर्यंत वजन घेऊन उडते. दोन इंजिने, पाच पात्यांचा मोठा पंखा. वैमानिक होते चंदीगडचे स्क्वॉड्रन लीडर सिद्धार्थ वशिष्ठ आणि निनाद मांडवगणे; सोबत वायुदलाचे आणखी चौघे. सकाळी दहाच्या सुमारास बडगाम जिल्ह्यातल्या गरेंद कलान गावाजवळ ते कोसळले. सहाही जण गेले. जमिनीवरचा एक स्थानिक तरुणही गेला.

त्याच सकाळी वायुदलाचे लढाऊ वैमानिक अभिनंदन वर्धमान यांचे मिग नियंत्रण रेषेपलीकडे पडले आणि देशाचे डोळे तिकडे लागले. १ मार्चला नाशिकमध्ये निनाद यांच्यावर लष्करी इतमामात अंत्यसंस्कार झाले. रात्री अभिनंदन वाघा सीमेवरून परतले. बातम्यांत जागा कुणाला किती मिळाली, हे सांगायला नको. अभिनंदन सुखरूप परतले याचा आनंद व्हायलाच हवा होता. पण दुसऱ्या दिवशीपासून त्यांच्या मिशांची नक्कल सुरू झाली आणि नाशिकच्या घरातले मौन कुणाला ऐकू आले नाही, याची मला आजही चीड येते.

त्या दिवसांत निनाद यांच्या पत्नीने पत्रकारांसमोर सांगितले की समाजमाध्यमांवर युद्ध पुकारणाऱ्यांनी ते थांबवावे. एवढा जोश असेल तर स्वतः सैन्यात जावे किंवा घरातल्या कुणाला पाठवावे. नवऱ्याला निरोप देण्याच्या घटकेला एवढे ताठ बोलणे सोपे नाही. गावोगावी लागलेल्या फलकांवर मात्र तोफा, वाघ आणि ज्वाळाच होत्या.

फलकांवर नसलेली गोष्ट पुढे आली. हेलिकॉप्टर शत्रूने पाडले नव्हते, यंत्रही बिघडले नव्हते. ४ ऑक्टोबर २०१९ ला वायुदलप्रमुख भदौरिया यांनी जाहीर केले की आपल्याच क्षेपणास्त्राने ते पडले आणि ही मोठी चूक होती. क्षेपणास्त्र इस्रायली बनावटीच्या स्पायडर यंत्रणेचे. आपले आणि परके ओळखण्यासाठी प्रत्येक लष्करी विमानात एक उपकरण असते. जमिनीवरून विचारणा झाली की ते ओळखीचा संकेत परत पाठवते. चौकशीच्या बातम्यांत सांगितले गेले की ते उपकरण बंद होते आणि तळ व हेलिकॉप्टर यांच्यात ताळमेळ राहिला नव्हता. रडारच्या पडद्यावर आपलाच माणूस अनोळखी ठरला.

काही जण म्हणतात, हे उगाळून काय मिळणार? मला उलटे वाटते. सात महिने त्या कुटुंबांना अधिकृत उत्तराची वाट पाहावी लागली. खरे कारण लपवून उभारलेल्या पुतळ्यापेक्षा कारणासकट सांगितलेले मरण त्यांच्या हक्काचे आहे. निनाद यांनी उड्डाणाचा हुकूम पाळला. चूक त्यांची नव्हती, हे स्वच्छ सांगायचे तर ती कुठे झाली हेही सांगावे लागते.

अभिनंदन यांना १५ ऑगस्ट २०१९ ला वीरचक्र जाहीर झाले. निनाद आणि सिद्धार्थ यांना मरणोत्तर वायुसेना पदक जाहीर झाले ते २०२० च्या प्रजासत्ताक दिनी. २०२३ मध्ये कोर्ट मार्शलने त्या वेळच्या एका ग्रुप कॅप्टनला बडतर्फीची शिक्षा सुनावली. त्यापुढे मंजुरी आणि न्यायालय यांचे टप्पे होतेच. तोवर निनाद यांची मुलगी शाळेत जाण्याच्या वयाची झाली होती.